परकायाप्रवेश

आद्य शंकराचार्यांविषयी एक आख्यायिका आपल्याकडे सांगतात. मंडनमिश्रांना त्यांनी वादात हरविले, तेव्हा मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती पुढे आली. पती हरला म्हणजे निम्मेच घर हरले, आता माझ्याशी वाद करा, असे ती म्हणाली. आणि तिने प्रश्न विचारले ते संसाराचे, स्त्री-पुरुषांच्या प्रेमाचे. आचार्य बालब्रह्मचारी. त्यांना उत्तरे कुठून येणार? त्यांनी मुदत मागून घेतली, स्वतःचा देह शिष्यांच्या स्वाधीन केला आणि नुकत्याच मरण पावलेल्या अमरू राजाच्या देहात प्रवेश केला. राजा उठून बसला. आचार्य त्या कायेत इतके रमले की आपण कोण याचाही त्यांना विसर पडला. शेवटी शिष्यांनी येऊन खूण पटविली तेव्हा ते परतले, आणि वाद जिंकले.

ही कथा इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. परंतु लहानपणी ऐकलेल्या कथा वय वाढले की निराळ्याच जागी टोचू लागतात. तेव्हा मला त्या चमत्काराचे नवल वाटले होते. आता वाटते, आचार्य दुसऱ्याच्या देहात गेले ते त्याचे सुखदुःख जाणण्यासाठी नव्हे, वाद जिंकण्यासाठी गेले. मेलेला राजा उठला म्हणून ज्या राण्यांना आनंद झाला असेल, त्यांचे पुढे तो पुन्हा निपचित पडल्यावर काय झाले, हे मी ऐकलेल्या कथेत कोणी सांगितले नाही. त्यांची आठवण कथेला उरली नाही, कारण वाद जिंकून झाला होता.

जिंकण्यासाठी केलेला परकायाप्रवेश हा खरा परकायाप्रवेश म्हणावा काय? हा प्रश्न आज तत्त्वज्ञांपुरता राहिलेला नाही. तो बाजारात येऊन उभा आहे. अलीकडे कंपन्यांमध्ये प्रॉडक्ट मॅनेजर नावाचा एक अधिकारी असतो. तो स्वतः माल घडवीत नाही आणि दुकानात बसून विकीतही नाही; कोणता माल करावा, कोणासाठी करावा आणि त्यात काय असावे, हे ठरविणे त्याचे काम. या व्यवसायाची वंशावळ सांगणारे 1931 सालापर्यंत मागे जातात. त्या वर्षी अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या कंपनीत नील मॅकेलरॉय नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने एक टिपण लिहिले. एकेका मालाची चिंता वाहणारा एकेक माणूस असावा आणि माल जेथे खपत नसेल तेथे त्याने स्वतः जाऊन कारण शोधावे, असा त्याचा आशय होता. आज या व्यवसायात शिरणाऱ्या तरुणांना दोन गुण अंगी बाणवायला सांगतात: कुतूहल आणि कळवळा. गिऱ्हाइकाविषयी जिज्ञासा ठेवा, त्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहा, म्हणजे यश तुमचेच.

उपदेश चांगला आहे. मात्र त्याच्या शेवटच्या तीन शब्दांपाशी मी नेहमी अडखळतो. आईने मुलावर माया करावी म्हणजे म्हातारपणी तो सांभाळील, असे कोणी म्हटले तर ते खोटे नसते. तरी ते ऐकून आपल्याला कसेसेच होते. फळ दाखवून सांगितलेला सद्गुण सद्गुणच राहतो का?

या प्रश्नाचा विचार मला जालन्याच्या निमित्ताने करावासा वाटतो. 'जालना सोने का पालना' असे या गावाविषयी जुने लोक म्हणत. आज कुंडलिकेच्या काठचे हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते: एक लोखंडाची सळई आणि दुसरे बियाणे. सळईविषयी मला काही म्हणायचे नाही. पण बियाणे हा असा माल आहे की करणारा आणि वापरणारा यांच्यामधले नाते त्यात जितके उघडे पडते तितके दुसऱ्या कशात क्वचितच पडत असेल.

मडके घेताना बाई ते बोटाने वाजवून पाहते. कापड चुरगळून पाहता येते, बैलाचे दात मोजता येतात, ज्वारीचा दाणा दाताखाली धरता येतो. बियाण्याची पिशवी मात्र शिवलेली असते, आणि उघडली तरी दाणा काही बोलत नाही. त्याचे पहिले सत्य आठ दिवसांनी मातीतून वर येते आणि पुरते सत्य कळायला पाच-सहा महिने लागतात. तोवर पाऊस जाऊन चुकलेला असतो. फाटके निघालेले धोतर बदलून मिळेल. गेलेला हंगाम कोणताही दुकानदार परत घेत नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण बियाणे करणारा आणि वापरणारा एकच होता. भरलेली कणसे निवडून घराच्या आढ्याला टांगलेली असत. राखेत आणि लिंबाच्या पाल्यात दाणा जपून ठेवलेला असे, आणि बहुधा तो जपणारी घरातली बाई असे. स्वतःविषयी कुतूहल ठेवा, असे कोणाला सांगावे लागत नाही. गावच्या कुंभाराचे आणि सुताराचेही तसेच. कालचे मडके गळाले की आज पाणवठ्यावर त्याला ऐकावे लागे. परंतु त्या जुन्या गावगाड्याचे गोडवे गाण्याचे मला कारण दिसत नाही. कुंभार गिऱ्हाइकाला ओळखत होता, गिऱ्हाईक कुंभाराला ओळखत होते. म्हणून त्यांना एकमेकांचा कळवळा होता असे नव्हे. बलुत्याच्या वाट्याला काय येत होते ते सर्वांनाच ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही ते तसेच चालले होते. जवळ असणे वेगळे आणि जवळचे असणे वेगळे.

हे घरचे बियाणे मागे पडले ते संकरित वाणांमुळे. दोन निराळ्या वाणांच्या संकरातून पहिल्या पिढीला जो जोम येतो तो दुसऱ्या पिढीत तसाच उतरत नाही. म्हणून अधिक पीक हवे असेल तर दरवर्षी नवे बियाणे विकत घेणे आले. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली ती याच संधिकाळात. 'पुसा सावनी' या भेंडीच्या वाणाचे बियाणे करण्यापासून त्यांची वाटचाल सुरू झाली होती. पुढे ज्वारी, बाजरी, कापूस अशी पिके आली. लहान लहान शेतकऱ्यांच्याच रानात बियाणे पिकवून घेण्याची पद्धत रुजली. 1998 साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि 2001 साली पद्मभूषण. 2017 साली ते वारले. आज जालन्यात आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगावराजाच्या बाजूला बीजोत्पादन हा गावोगावच्या लोकांचा धंदा झाला आहे. कापसाच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटात बायका दुपारनंतर उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधतात, त्यांतले पुंकेसर नखाने खुडून काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग त्यांवर हाताने लावतात. एकेक कळी, एकेक फूल. यंत्रयुगातला हा माल अजूनही बोटांनीच होतो.

या व्यवस्थेत लाभ झाला, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण तिने एक अंतरही निर्माण केले. आढ्याला टांगलेल्या कणसाच्या जागी दुकानातली पिशवी आली. करणारा एकीकडे आणि पेरणारा दुसरीकडे, अशी फाळणी झाली. कुतूहल आणि कळवळा यांची गरज या फाळणीतून जन्मली. जे पूर्वी आपोआप कळत होते ते आता मुद्दाम जाणून घ्यावे लागते.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका बियाणे कंपनीच्या माहितीपत्रकाचे मराठी तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. पत्रक सरकीचे होते. मी ऱ्हस्वदीर्घ सुधारले, दोन लांब वाक्यांची चार लहान वाक्ये केली, एका ठिकाणी 'हातमोजे वापरण्यात यावेत' असे होते ते 'हातमोजे वापरावेत' असे केले. सरकीला औषध चोळलेले असते, म्हणून ही सूचना. काम नेटके झाले असे मला वाटले. पुढे जूनमध्ये बदनापूरच्या बाजूला जाण्याचा योग आला. एका रानात चारपाच बायका सरकी टोकत होत्या. ओटीत सरकी, वाकलेली पाठ, आणि औषधाच्या रंगाने लाल झालेली बोटे. मी बांधावर थांबून, अंगातली विद्वत्ता आवरेना म्हणून, हातमोज्यांची गोष्ट काढली. त्यांतली एक वयस्क बाई कंबर सरळ करीत म्हणाली, "आवं साहेब, मोजे घातल्यावर सरकी एक पडली का दोन, बोटाला कळंल का?" आणि मग, माझी गंमत वाटून, "कुणी लिवलं हो ते?"

कोणी लिहिले होते ते मी सांगितले नाही.

त्या बाईचे उत्तर मी पुष्कळदा मनात घोळवले आहे. महागामोलाच्या सरकीचा प्रत्येक दाणा तिला मोजायचा होता, आणि मोजणारे यंत्र म्हणजे तिचे उघडे बोट. तिला धोका ठाऊक नव्हता असे नाही. दुपारी भाकरीला बसण्यापूर्वी त्या सगळ्याजणी हात मातीने खसखसून घासत होत्या. पत्रक लिहिणाऱ्याला औषध ठाऊक होते, मला व्याकरण ठाऊक होते. ते बोट मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. माझे मराठी निर्दोष होते, पण ज्या बाईसाठी ते लिहिले ती त्यात नव्हती. आम्हाला तिची काळजी नव्हती काय? होती. सूचना काळजीनेच लिहिलेली होती. परंतु कुतूहलावाचूनचा कळवळा असाच असतो. तो दुसऱ्याच्या भल्याचे बोलतो आणि दुसऱ्याला ओळखत नाही. देणाऱ्याला पुण्य लागते आणि घेणाऱ्याला उपयोग होत नाही, अशा दानासारखे ते आहे.

मग कुतूहल वाढविले म्हणजे झाले काय? तसेही नाही. निजामी राजवटीतल्या मराठवाड्यात कुणब्याविषयी सगळ्यांत अधिक कुतूहल कोणाला होते, असे विचारले तर उत्तर द्यावे लागेल, सावकाराला. कुळाच्या घरी कोण आजारी आहे, कोणती मुलगी लग्नाची झाली, कोणत्या भावांचे पटत नाही, यंदा विहिरीला पाणी किती, हे त्याला कुळापेक्षा आधी कळे. परकायाप्रवेशाची विद्या त्याला पुरी अवगत होती. गरजवंताच्या मनात शिरून तो कोणत्या व्याजाला 'हो' म्हणेल हे तो बिनचूक सांगू शके. चोरही घराचा अभ्यास करूनच येतो. आणि आजही, अळी पडण्याची शेतकऱ्याला किती धास्ती असते हे ज्याला नेमके कळले आहे, तो त्याच कळण्याच्या बळावर नको असलेली फवारणी त्याच्या गळ्यात मारू शकतो.

याच जिल्ह्यातल्या जांब गावी 1608 साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. परंपरा सांगते की बारा वर्षे ते देशभर हिंडले, लोकांची स्थिती पाहिली आणि मग त्यांनी लोकांना सांगायला आरंभ केला. पाहत सावकारही होता, पाहत समर्थही होते. सावकाराने जे पाहिले त्याने समोरचा माणूस बांधला गेला; समर्थांनी जे पाहिले त्याने ते स्वतः बांधले गेले. मला वाटते, सगळा भेद येथे आहे. दुसऱ्याविषयी जे कळते त्याचा दोर कोणाच्या गळ्यात पडतो, कळलेल्याच्या की कळणाऱ्याच्या?

याची एक मोठी परीक्षा आपल्या कापसाच्या शिवारात झाली. 2002 साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. या कापसाच्या झाडातच बोंडअळीला मारक असे द्रव्य तयार होते. परंतु सगळे शिवार तशाच कापसाचे झाले तर त्या विषाला पुरून उरणाऱ्या थोड्या अळ्याच तेवढ्या जगतील आणि त्यांचीच प्रजा वाढेल, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते. म्हणून 450 ग्रॅम बीटी सरकीबरोबर 120 ग्रॅम साध्या सरकीची पुडी द्यायची आणि ती शेताच्या कडेने लावायची, असा नियम झाला. तेथे साध्या अळ्या पोसल्या जातील, त्यांच्या पतंगांचा त्या चिवट पतंगांशी संयोग होईल आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडणारी निपजेल, अशी ती योजना होती.

शास्त्र निर्दोष होते, माझ्या व्याकरणासारखे. पण बहुतेक शेतकऱ्यांनी ती पुडी लावली नाही. तीन एकरांच्या धन्याच्या कायेत क्षणभर शिरून पाहा. त्याला सांगितले जात होते, कडेच्या ओळी अळ्यांना खायला सोड. नुकसान त्याचे एकट्याचे. लाभ साऱ्या शिवाराचा, आणि तोही काही वर्षांनी. शेजाऱ्याने पुडी लावली नाही तर याचा त्याग फुकट. इतकी मोठी गोष्ट एका लहान पुडीवर सोपवलेली होती, आणि ती त्याच्या अंगणात बसून समजावणारे फारसे कोणी नव्हते. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरून काढला. कित्येकांनी उभ्या पिकात नांगर घातला. याला कारणे अनेक होती. लांबत गेलेला हंगाम होता, फरदड घेण्याचा मोह होता. पण न लावलेली पुडीही त्यांत होती. पुढे साधी सरकी बीटीतच मिसळून एका पिशवीत देण्याची पद्धत आली, आणि पुडीचा प्रश्न मिटला.

ही युक्ती मला वाईट वाटत नाही. माणूस जसा आहे तसा ओळखून माल घडवावा, हे त्यात आहे. तरी मनात एक शंका राहते. पूर्वी शेतकऱ्याला न समजावता त्याग मागितला होता. आता न समजावताच तो घेतला जातो. पिशवीत ते दाणे का मिसळले आहेत, हे किती जणांना कोणी सांगितले? त्याच्या वागण्याविषयी आपले कुतूहल वाढले, परंतु त्याच्याशी आपले बोलणे वाढले नाही.

यावरून मला एक कसोटी सुचते. दुसऱ्याविषयी आपल्याला जे कळले, आणि त्या कळण्यावरून आपण जे केले, ते त्याच्या तोंडावर सांगता येईल काय? सावकाराला ते सांगता आले नसते. नको असलेले औषध विकणाऱ्याला येणार नाही. "तुम्ही पुडी लावीत नव्हता, तुमच्या जागी आम्हीही लावली नसती, म्हणून आम्ही हे दाणे मिसळले, त्याचे कारण असे असे," हे मात्र सांगता येते. आणि जे सांगता येते ते सांगितलेच पाहिजे.

कोणी म्हणेल, इतका कीस कशाला काढता? माल चांगला निघाला, गिऱ्हाईक तृप्त झाले, मग करणाऱ्याचा हेतू यश होता की कळवळा होता याची चौकशी का करावी? या आक्षेपात तथ्य आहे. जोवर यश आणि गिऱ्हाइकाचे हित एका वाटेने चालतात तोवर हेतूचा प्रश्न उद्भवतच नाही. पण प्रत्येक धंद्यात एक दिवस असा येतो की तेथे वाटा फुटतात. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून महाराष्ट्रभर तक्रारी झाल्या. सोयाबीनचा दाणा नाजूक. त्याचे टरफल पातळ. काढणीत पावसाने भिजला, हमालाने पोते उंचावरून टाकले, थप्पी फार चढवली, तरी त्याचा कोंब मरतो. पोत्यात शंभरांतले किती दाणे जिवंत आहेत हे ओल्या गोणपाटात घालून आठवड्याभरात कळते. ते कळल्यावर, आणि दुकानासमोर पेरणीची घाई उभी असताना, जो पोते मागे ठेवतो त्याला त्या दिवशी यश मिळत नाही. ज्याने कळवळा यशासाठी धरला होता त्याचा कळवळा तेथेच संपतो. ज्याचा कळवळा खरा होता त्याचा तेथे सुरू होतो.

आपल्या कायद्यालाही ही गोष्ट दिसली आहे. पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 साली झाला. संरक्षित वाणाचे बियाणे देताना, कोणत्या परिस्थितीत त्यापासून किती अपेक्षा धरावी हे देणाऱ्याने शेतकऱ्याला सांगावे, आणि ते खोटे ठरले तर शेतकऱ्याला भरपाई मागता यावी, असे त्याच्या 39व्या कलमात आहे. कळवळा कायद्याने निर्माण होत नाही. पण ज्याने सांगितले त्याने उत्तरही द्यावे, एवढे कायदा म्हणू शकतो, आणि ते थोडे नाही.

राहता राहिली माझी गोष्ट. त्या बाईचे बोलणे मी कंपनीतल्या संबंधित गृहस्थांना कळवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आभार मानले. दुसऱ्या वर्षीचे पत्रक माझ्या हाती आले तेव्हा त्यात 'हातमोजे वापरावेत' हे वाक्य जसेच्या तसे होते. ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्या दुसऱ्या पत्रकानंतर मी पुन्हा विचारले नाही, हेही तितकेच खरे. बाईचे वाक्य मला आवडले होते. ते मी चार ठिकाणी सांगितले, लोकांनी वाहवा केली, आज येथे लिहिलेही. म्हणजे मीही त्या रानात जाऊन, घटकाभर दुसऱ्याच्या कायेत राहून, माझा वाद जिंकून परत आलो.

पुन्हा जून येईल तेव्हा ती बाई त्याच रानात किंवा शेजारच्या रानात वाकलेली असेल. दाणा पडलेला बोटाला कळावा आणि औषधही बोटाला लागू नये, असे काय करता येईल, हे मला ठाऊक नाही. कदाचित तिला ठाऊक असेल. तिला ते कोणी विचारलेले नाही. मीही तिला हातमोज्यांविषयी सांगितले होते, विचारले काहीच नव्हते.